कच्च्या आवृत्तीतली ताई

सोमवार, ३

लागली एकदाची नोकरी! ब्लॉग लिहायचं एक नवं सॉफ्टवेअर आहे. अजून बाजारात आलेलं नाही, कच्ची आवृत्ती आहे. ती वापरून वापरून तिच्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. ताई म्हणाली, हे तर तू लहानपणापासून फुकट करत आलीस! ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. आईची रोज फोनवर उलटतपासणी असते.

साहेब उंच, सडपातळ आणि सावकाश बोलणारे. मनातल्या मनात मी त्यांचं नाव बगळा ठेवून टाकलं. त्यांचा नियम एकच: उगाच काहीबाही टाइप करायचं नाही, खऱ्या माणसांबद्दल खरं लिहायचं. सॉफ्टवेअर मात्र झकास आहे. स्वच्छ पांढरं पान, आणि बोटं टेकवली की शब्द आपोआप सुचत जातात. दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, म्हणून घरी लिहायला ही कागदाची वही घेतली.

मंगळवार, ४

आज लिफ्टवाल्या काकांवर लिहिलं. त्यांची शीळ, शर्टाचं लोंबणारं बटण, मजला विचारताना भुवया उडवणं. मग चाचणीच्या यादीप्रमाणे ती नोंद काढून टाकली. पहिली चूक सापडली! काढलेल्या नोंदीवर 'परत आणा' म्हटलं, तर ती परत येतच नाही. चुकीपुढे मी 'किरकोळ' असा शेरा मारला. बगळ्यानं दोनदा विचारलं, नक्की किरकोळ? मी म्हटलं, काढून टाकलेलं परत कशाला लागतंय कुणाला? त्यांनी मान हलवली आणि दुरुस्ती महिनाभर पुढे ढकलली.

बुधवार, ५

लिफ्टमध्ये काका नाहीत, त्यांचं स्टूलही नाही. स्वागताला बसणारी मुलगी म्हणते, या लिफ्टला माणूस कधी नव्हताच. नव्या माणसाची फिरकी घेतात, दुसरं काय! मीही हसून सोडून दिलं.

आज ताईवर लिहिलं, मनापासून लिहिलं. उभ्यानं जेवते, केस विंचरताना गुणगुणते, मला 'बावळट' म्हणते. बरंच काही लिहिलं आणि छान जमलं. यादीत पुढची पायरी होती 'काढून टाका', त्याप्रमाणे काढून टाकलं. आज ताईला यायला उशीर होणार असेल, मी झोपते.

गुरुवार, ६

घरात एकच पलंग आहे. दात घासायचा ब्रशही एकच. ताईचा नंबर फोनमध्ये नाही, तिचा एकही फोटो नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तू तर एकटीच राहतेस ना गं? आईला फोन केला. आई आधी हसली, मग तिचा आवाज कापायला लागला. तू एकुलती एक आहेस बाळा, तुला बहीण कुठून आली, म्हणाली. परवा मी काकांची नोंद काढली होती, काल ताईची.

शुक्रवार, ७

बगळ्यासमोर रडले, अक्षरशः पाया पडले. ते म्हणाले, 'परत आणा' चालत नाही, तूच किरकोळ म्हणालीस. मग खाली बघत म्हणाले, पुन्हा लिहून बघ, माणूस येतं. त्यांनीही एकदा कुणालातरी पुन्हा लिहिलं होतं. कुणाला, ते मात्र आठवत नाही म्हणाले.

ऑफिसचा लॅपटॉप घरी आणून लिहिलं. घाईत तीनच ओळी झाल्या. दारात किल्ली फिरली — ताई! मी तिच्या गळ्यात पडले.

ती उभ्यानं जेवली. केस विंचरताना गुणगुणली. 'बावळट' म्हणाली. मग पुन्हा ताट घेऊन उभी राहिली. आईचं नाव विचारलं तर नुसती बघत राहिली. तीनच गोष्टी — तेवढीच आहे ती.

शनिवार, ८

सकाळपासून लिहितेय. पालीला घाबरते. हसताना नाक धरते. हनुवटीवरचा व्रण. एकेक लिहिते तशी ती भरत जाते.

व्रण सायकलवरून पडल्याचा, असं मीच लिहिलंय. पण मला सायकल आठवत नाही. जे लिहिते ते माझ्यातून जातं, तिच्यात येतं. जाऊ दे गेलं तर! तिला अशी अर्धवट कशी ठेवू?

रविवार, ९

आईशी ती फोनवर तासभर बोलली. दोघी हसल्या. आई आता दोन मुली म्हणते.

सगळं आहे तिच्यात, पण माझ्यावर तिचा जीव नाही. परकीसारखी बघते. माझ्याकडे एकच आठवण उरलीय — मी तापानं फणफणले होते, ती तीन दिवस उशाशी बसून होती, माझा हात सोडत नव्हती. ती लिहिली की माझ्याकडे काही —

लिहिते. ताई, लिहिते गं.

सोमवार, १०

घरात एक बाई आहे.

उठले तर माझ्या उशाशी बसलेली. माझा हात धरून. मी किंचाळले. आतल्या खोलीत येऊन कडी लावलीय.

मागची पानं वाचली. अक्षर माझंच. 'ताई, ताई.' पण मला बहीण नाही. आईनंच सांगितलंय की एकुलती एक, गुरुवारच्या पानावर आहे. आणि ही बाई माझ्या लिहिण्यातून उभी राहिली, तेही इथंच आहे. म्हणजे ती माणूस नाहीच. सॉफ्टवेअरनं तयार केलेलं काहीतरी —

दार ठोठावतेय. रडतेय. म्हणतेय, काय झालं गं बावळट, ताप आहे का, दार उघड. इतक्या मायेनं — नाही. फसायचं नाही.

लॅपटॉप आत आहे. तिची नोंद सापडली. केवढी मोठी! 'कायमची काढायची?' असं विचारतंय.

दाबलं.

गप्प झाली. गेली. सुटले ए —

मी दाराला कडी का लावलीय? आणि डोळ्यांतून पाणी कशाचं, इतकं, थांबतच ना —