भिंतीपलीकडची 'तेजस्वी'

२ एप्रिल, बुधवार

वायर नाही, नेट नाही, अन् फोटो थेट टीव्हीवर! आमची लेक तेजस्वी पुण्याहून चार दिवस आलीय, तिनंच शिकवलं. 'शेअर' दाबायचं, जवळपासच्या फोनांची, टीव्हीची नावं येतात, हवं त्यावर बोट ठेवायचं. समोरच्यानं घेतलं की झालं! आमच्या लग्नाचे फोटो टीव्हीवर लावले. हे म्हणाले, "एवढा बारीक हुतो व्हय मी?"

३ एप्रिल

दिवसभर पाठवापाठवी. ह्यांना सात फाइली. शेवटी वैतागले— "अगं, मी हितंच बसलोय की! तोंडानं सांग."

४ एप्रिल, शुक्रवार

पोरीला चटणीची रीत हवी. लिहीत कोण बसणार? बोलूनच रेकॉर्ड केली. मिरची किती, तीळ किती, धने कुठवर भाजायचे. अन् शेवटी काय झालं कुणास ठाऊक, खरं बोलून बसले. "ही रीत माझ्या माहेरची न्हाय गं. आक्काची हाय. चटणी कुटायला गेलो की डंकावर तिच्या मागं उभी राहून मी तिच्या डब्यातलं बघून घेतलं."

आमच्या सासूबाई, म्हणजे आत्ती, गेल्यावर तशी चटणी फक्त थोरल्या जावेला, आक्काला जमायची. आणि महिला मंडळात त्याच चटणीचं बक्षीस घेताना मी माइकवर 'माहेरची' म्हणाले! आक्का पहिल्या रांगेत होती. उठून गेली. चार वर्षं झाली. दोन घरांत एकच भिंत, पण शब्द नाही. सणाचं ताटसुद्धा जात नाही.

पोरीला तरी खरं कळू दे. यादीत 'तेजस्वी' दिसलं, दाबलं. पोहोचली! आहे की नाही मी हुशार?

४ एप्रिल, संध्याकाळ

मेले! तेजस्वीला काहीच आलेलं नाही. तिचा फोन दुपारभर बंद होता. मग ही कुठली तेजस्वी? तर म्हणते, "आई, रागावू नको. माझा जुना फोन मी मोठ्या आईला दिलाय. त्यातलं नाव बदलायचं राहिलं."

म्हणजे आक्का! अन् तिनं घेतलीसुद्धा!!

५ एप्रिल

पलीकडून भांड्याचाही आवाज नाही. सगळी ऐकली असेल? दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. लाज वाटते. हे म्हणाले, "जा की सरळ! खाती व्हय ती तुला?" पण खरं सांगू, जरा हलकंही वाटतंय. फोन 'सर्वांना दिसेल' वर ठेवलाय. उगीच.

६ एप्रिल, रविवार

'तेजस्वी' कडून फाइल आली— अन् पोरगी तर सकाळीच पुण्याला गेली! घेतली. आक्काचा आवाज:

"शालू, ती रीत माझी बी न्हाय. आत्तीनी जाताना सांगितलेली, धाकटीला बी दे म्हणून. मीच दिली न्हाय तुला. उद्या डंकावर जायचं हाय. तुझी मिरची निवडून ठेव."

देठं खुडायला बसलेय.