अक्रोडाचा दस्ता

३ सप्टेंबर १९५१
पोचलो एकदाचा! दरी हिरवीगार, आणि हाल्वोर म्हाताऱ्याच्या बंदूक-दुरुस्तीच्या कारखान्यावरची माझी खोली छान उबदार. त्याची मुलगी गुद्नी हिने तपकिरी चीज आणि पातळ कडक भाकरी पुढे ठेवली आणि विचारलं, काय ओस्लोकर, कानस धरता येते का, की नुसते काटे-चमचे? म्हातारा हसून हसून खोकला. मी लाजलो. आईला लगेच कळवलं की मुलगा मार्गी लागला.

७ सप्टेंबर
काम आवडीचं. जर्मन शरण आले तेव्हा मागे राहिलेल्या बंदुकांचा इथे ढीग आहे. सैनिकी नळी काढायची, एल्क हरणाला पुरेल अशा लांब काडतुसाची नवी नळी बसवायची. आजची बंदूक खुद्द गुद्नीची. पंचवीस तारखेला शिकार सुरू होते आणि यंदा ती पहिल्यांदाच टोळीबरोबर जाणार.
म्हातारा म्हणाला, ही वाळूच्या खाणीतली आहे, हिचा लाकडी दस्ता जाळ आणि बर्चच्या लाकडाचा नवा कर. मी हो म्हटलं. पण दस्ता अक्रोडाचा, गुळगुळीत, गालाला असा बसतो की जाळायला जीव होईना. बर्चलाही आम्ही गडद रंग देतोच. तोच रंग चढवला आणि गप्प बसलो.

१२ सप्टेंबर
दुपारी कुरणात चाचणी. ज्याने बंदूक केली त्यानेच आधी झाडायची, असा इथला शिरस्ता. मी झाडतो, गुद्नी नेमाच्या फळीपाशी जाते, छिद्रं बघते आणि नेम बसला असेल तर दोन्ही हात वर करते.
उजवा गाल बधिर झालाय. दाढ असेल. गुद्नी म्हणाली, बोळका नवरा चालेल मला, पण त्याच्याकडे कॉफीचं रेशनकार्ड हवं! रात्रभर झोप नाही. मला ही मुलगी फार आवडते.

१७ सप्टेंबर
कॉफीने जीभ भाजली. फोड आला तेव्हा कळलं. उजवा खांदाही बधिर.
तार आली. आई गेली. वाचली, खिशात ठेवली, हातातला स्क्रू बसवला. गुद्नी रडली. माझ्यासाठी. मी तिच्या गालावरचं पाणी बघत बसलो.

२० सप्टेंबर
म्हाताऱ्याला खाणीबद्दल विचारलं. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात जर्मनांनी तिथे माणसं उभी करून मारली. त्यांत त्याचा भाऊ. म्हाताऱ्याला खड्डे खणायला नेलं होतं, त्याने सगळं बघितलं. एका शिपायाने गोळी झाडली आणि तिथेच वाळूवर बसून पाव खाल्ला. ही त्याची बंदूक. म्हातारा म्हणाला, हिने एकदा तरी कुणाचं पोट भरावं म्हणून ठेवली. नळी बदलता येते रे, पण त्याने गाल टेकला ते लाकूड घरात नको. जाळलंस ना, पोरा?
हो म्हटलं. खोटं बोलताना लाज वाटली नाही.

२२ सप्टेंबर
दस्ता चुलीत घालायला काढला. एकदा गालाला लावून बघितला. पुन्हा बसवला. का ते—
गुद्नीने चिमटा काढला. म्हणाली, मेलास की काय रे? पूर्वी काहीतरी वाटायचं. बारा तारखेचं पान वाचलं. कुणा दुसऱ्यानेच लिहिल्यासारखं—

२४ सप्टेंबर
कुरण. शेवटची चाचणी. म्हातारा गावात गेलाय. वही गुडघ्यावर.
उद्या हा दस्ता तिच्या गालाला. मग तीही अशीच— नको. एवढं अजून कळतंय. ती परत आली की सांगतो. सगळं सांगतो.
तीन झाडल्या. ती फळीपाशी. ओरडतेय, ए ओस्लोकर, तिन्ही मधोमध! दोन्ही हात वर.
आनंद व्हायला हवा.
चौथं काडतूस आत आहे. मी कधी भरलं—
भूक लागलीय. खिशात पाव आहे.
ती अजून हात वर करूनच—
पाव नंतर. आधी