तहकूबराव

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पुन्हा तहकूब! काय म्हणावं या माणसाला!

आजचं कारण — नकाशावरची अक्षरं बारीक आहेत. सात माणसं आपापली कामं टाकून महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर येतात. लिफ्ट बंद. खुर्च्या अशा की बसलं की एका बाजूला कलायचं. नागरिक सल्लागार समिती, असं दारावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. मानधन नाही, येण्याजाण्याचं भाडं नाही, मिळतो तो पाणचट चहा. आणि अध्यक्षमहाराज नकाशा नाकाला लावून म्हणतात, मोठ्या अक्षरात काढून आणा, आजची सभा तहकूब.

मी त्याचं नावच तहकूबराव ठेवलंय. कोर्टातला निवृत्त कारकून आहे. जन्मभर लोकांना पुढच्या तारखा दिल्या, आता ती खोड जाणार कशी?

विषय काय तर एकच. महापालिकेचा स्विमिंग टँक पाडून तिथे चार मजली पार्किंग करायचं चाललंय. म्हणजे मोठा तलावही जाणार आणि शेजारचा कोमट पाण्याचा छोटाही. आम्ही सातजणांनी फक्त ‘नको’ म्हणायचं आणि तसं कागदावर द्यायचं. एवढंच! वर्ष होत आलं, ते ‘नको’ काही या माणसाच्या सभेतून बाहेर पडत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वहिनीची कंबर धरली, म्हणून आज दादाला तलावावर मी नेलं.

जमिनीवर दादाला चार पावलं टाकायची तर एका हाताला मी, दुसऱ्या हाताला काठी, तरी घामाघूम होतो. लकवा मारल्यापासून डावा पाय ओढतच चालतो. पण छोट्या तलावात उतरला, पाणी छातीला लागलं, की माझा हात सोडतो. स्वतःहून सोडतो! या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटा जातो. वळतो. परत येतो. आज मध्येच थांबून मलाच म्हणाला, काठावर कशाला उभी राहिलीस, घरी जा, कामं पडली असतील तुझी. रुबाब बघा! गवंडी होता तो. परांचीवर उभं राहून खालच्या माणसांना असाच हुकूम सोडायचा. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की उगीच शॉवरखाली जाऊन तोंड धुऊन आले.

शहरात दुसरा कोमट पाण्याचा तलाव नाही. क्लबात एक आहे म्हणतात, पण तिथे आपल्याला फाटकातही कोण उभं करणार! डॉक्टर म्हणाले होते, पाण्यातलं चालणं सुटलं तर उरलेला पायही आखडेल.

म्हणून मी समितीत आहे. समाजसेवेची खाज म्हणून नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नकाशा मोठा आला. भिंतभर! मला वाटलं, आता काय करशील?

तर म्हणे, मागच्या सभेचं इतिवृत्त आधी वाचून कायम करू. शब्दन्‌शब्द वाचलं. त्यात आमच्या फुलवाल्याच्या दुकानाचा पत्ता चुकलेला निघाला. फुलवाला म्हणजे समितीतला सगळ्यात गरीब प्राणी. तो बिचारा म्हणतोय, राहू द्या हो, काही बिघडत नाही. पण नाही! गल्ली कुठली, दुकान डाव्या अंगाला की उजव्या, समोर काय. पाऊण तास त्या पत्त्यावर काढला. मग महापालिकेच्या साहेबाला दुसरी मीटिंग होती, तो उठला. तहकूब.

जिन्यात गाठलं मी तहकूबरावाला. म्हटलं, भिजत घोंगडं ठेवायचंय ना, ते आपल्या घरी ठेवा. तुमची सभा पुढे गेली की तुम्ही घरी जाऊन झोपता, माझ्या भावाचे पाय आहेत त्या पाण्यात. तो कठडा धरून उभा राहिला. इकडेतिकडे बघत, दबक्या आवाजात काहीतरी सांगायला लागला — ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची, नियम असा आहे की...

म्हणी ऐकवतोय मला! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, तुमच्या मुठीत काय आहे ते दिसलं मला वर्षभर, काही नाही त्यात. नियम तुमच्यापाशीच ठेवा. आणि तडातडा जिना उतरले. वरून परत एकदा ताई, ताई म्हणाल्याचं ऐकू आलं. वळले नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

रागात काम करू नये. डेंटिस्टने पाठवलेल्या साच्यावर कवळी लावत होते, तर डावीकडचे दात उजवीकडे बसवले. पूर्ण वरची ओळ! संध्याकाळी मेण वितळवून पुन्हा पहिल्यापासून. तीस वर्षं कवळ्या करतेय, असं कधी झालं नव्हतं.

तहकूबरावाची कवळी एकदा माझ्याकडे येऊ दे. तोंड उघडताच येणार नाही अशी करून देईन.

मंगळवार, ४ मार्च

आज तर कमाल झाली! कोरम पाच जणांचा. पाचच आले होते. मोजून पाच. निवृत्त मुख्याध्यापिका दोनदा खोकल्या. लगेच तहकूबराव कळवळ्याने म्हणाला, बाई, तुम्ही घरी जाऊन आराम करा, तब्येत आधी. त्या म्हणतात, मला काही झालेलं नाही. हा स्वतः उठून त्यांची पिशवी त्यांच्या हातात देतो! दारापर्यंत सोडून आला. मग खुर्चीत बसला, माणसं मोजली आणि म्हणाला, चारच आहेत. कोरम नाही.

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. तोंडाला येईल ते बोलले. नेभळट म्हणाले, खुर्ची उबवणारा म्हणाले. त्याने खिशातला रुमाल काढून नकाशावरचा चहा टिपला. 

साहेब मात्र माझ्यामागोमाग बाहेर आला. महापालिकेचा हा तरुण अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मध. म्हणाला, तुमची तळमळ मला दिसते, मॅडम. मग त्यानेच सांगितलं की चार सभासदांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षाला विषय मताला घ्यावाच लागतो, तहकूब करता येत नाही. आणि वर म्हणाला, विरोध अगदी कडक शब्दांत नोंदवा, ठराव मी स्वतः टाइप करून देतो.

तलाव पाडायला निघालेल्या महापालिकेचा माणूस! आणि आमच्या विरोधाला मदत करतोय. सगळीच माणसं वाईट नसतात.

रविवार, ९ मार्च

फुलवाल्याची सही झाली. हार गुंफता गुंफता केली, न वाचताच. मुख्याध्यापिकांनी वाचून केली आणि ‘सदर’ हा शब्द तीनदा आलाय म्हणून मला सुनावलं. माझी तिसरी. चौथी सही मिळाली, वर पाचवीही मिळाली.

दादाकडे जेवायला होते. वहिनीला सगळं सांगितलं. ती पानं घेता घेता म्हणाली, तुमचं आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला असतं वन्सं, पण एक सांगा, तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलं की त्यांना ऐकावंच लागतं ना?

म्हटलं, सात नागरिकांनी एकमुखाने लिहून दिल्यावर कुणाची टाप आहे? ती भात आणायला आत गेली. वहिनीचं हे नेहमीचंच, शंका काढायची आणि कामाला निघून जायचं.

दादा ऐकत होता. जेवण झाल्यावर म्हणाला, होऊ दे एकदाचं, रोज पाण्यात उतरताना वाटतं आज शेवटचा दिवस.

मंगळवार, १८ मार्च

जिंकलो!!

सातही हजर. मी मागणीचा कागद टेबलावर ठेवला. तहकूबरावाने तो उलटसुलट करून पाहिला. मग खिसे चाचपले, आणि म्हणाला, चष्मा घरी राहिला, वाचता येत नाही, पुढच्या वेळी घेऊ.

मी माझा चष्मा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

कुणीतरी हसलं. त्याने चष्मा लावला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, माझ्याच काचांतून. मग म्हणाला, “ताई, नक्की घ्यायचं का मत?”

म्हटलं, “आत्ताच्या आत्ता.”

त्याने ठराव वाचला. समितीचा या प्रकल्पास ठाम विरोध आहे. हात वर करा म्हणाला. सहा हात वर गेले आणि मग, अगदी सावकाश, त्याचाही. एकमताने! साहेबाने तिथल्या तिथे सगळ्यांच्या सह्या घेतल्या, कागद फाइलमध्ये घातला, माझ्याशी हात मिळवला. तुमच्यासारखी माणसं हवीत, मॅडम!

तहकूबराव चष्मा परत देताना पुसून देत होता. मी म्हटलं, बघा, पाच मिनिटांचं काम होतं. तो म्हणाला, हो, पाचच मिनिटांचं.

दादाला फोनवर सांगितलं तर मोठ्याने हसला. किती दिवसांनी!

बुधवार, २६ मार्च

तलावाच्या फाटकाला कुलूप. सगळीकडून पत्रे ठोकलेत. दादा टॉवेल खांद्यावर टाकून रिक्षात बसलेला, वहिनी उतरून रखवालदाराशी भांडतेय. मी पोचले तेव्हा मोठ्या तलावातलं पाणी सोडून द्यायला लागले होते. गटारातून वाहत होतं रस्ताभर.

फाटकावर नोटीस. समितीचा अभिप्राय प्राप्त झाल्याने प्रक्रिया पूर्ण झाली आहे, काम सुरू करण्यात येत आहे, समितीच्या सहकार्याबद्दल आभार.

आभार! सहकार्य! चोराच्या उलट्या बोंबा! आम्ही ‘नको’ म्हटलंय, सात सह्यांनिशी म्हटलंय, आणि हे निर्लज्ज त्याच कागदाचा दाखला देऊन पत्रे ठोकतात? साहेबाला अकरा फोन केले. उचलत नाही. सोडणार नाही मी. निषेध लिहिते, पुन्हा सातही सह्या घेते, पेपरात देते. त्या तहकूबरावाचीसुद्धा घेते, मुंडी धरून!

दादा रिक्षातून उतरलाच नाही. वहिनीला म्हणाला, घरी चल.

शुक्रवार, २८ मार्च

तहकूबरावाकडे गेले सही घ्यायला. त्याने पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं.

समितीचा अभिप्राय हातात पडेपर्यंत महापालिकेला तलावाच्या फरशीलाही हात लावता येत नाही. अभिप्राय हो असो की नाही असो, तो मानायचं बंधन त्यांच्यावर नाही. फक्त तो यावा लागतो. म्हणून वर्षभर तहकूबराव तो येऊच देत नव्हता. सभेत बोलला असता तर साहेबाने तेच लिहून घेऊन त्याला खुर्चीवरून काढलं असतं.

मी म्हटलं, “मला एकटीला तरी सांगायचं होतं.”

“सांगत होतो, ताई. जिन्यात. तुम्ही बोलत होतात.”

तिथून दादाकडे गेले. तो पलंगावर पडून होता, डावा पाय उशीवर. म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नकोस गं. एवढे दिवस तलाव चालला, तो तुझ्यामुळेच.”

मी त्याच्या पायाखालची उशी सारखी केली.