कर्टच्या गाडीचे कागद

प्रिय नॅडीन,

फोन उचलत नाहीस, ते ठीकच आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. कर्टचा दोस्त हॉब, त्याच्याकडून तुझा निरोप मिळाला, की त्या म्हातारीला सांग, माझ्या दारात माणसं पाठवायचं बंद कर, नाहीतर मी शेरीफकडे जाईन. म्हातारी म्हटल्याचं काही वाटलं नाही, आहेच मी. पण मी कुणाला पाठवलेलं नाही गं, एकालाही नाही. कचऱ्यात टाकायचं असेल तर टाक, पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

कर्टची मोटरसायकल तू पडद्याआडून पाहिलीस, म्हणजे ती किती देखणी झाली आहे ते मी सांगायला नको. कशासाठी झाली, ते मात्र तुला कुणी सांगितलं नसणार. तू घर सोडलंस त्या दिवशी कर्टला म्हणाली होतीस, 'कागद असलेल्या गाडीवरून ये, मग बोलू.' रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, आणि तुझा राग खोटा नव्हता. हा नंबर नसलेल्या गाड्या उडवत फिरणार, आणि पोलीस आले की दारात उभी राहणार तू. पण त्याने ते बोलणं जसंच्या तसं धरून ठेवलं. सांगाडा स्वतः वाकवला, स्वतः जोडला. इंजिन, चाकं, दिवे, जे जे विकत आणलं त्याची पावती माझ्या बिस्किटांच्या डब्यात टाकत गेला. मी म्हणायचे, 'अरे, ती केव्हाच पुढे गेली. तिच्या घरी आता तो मार्टिन मास्तर आहे.' तो हातातला पान्हा न ठेवता म्हणायचा, 'आई, तू फक्त डबा सांभाळ.' मार्टिनचं नाव कानावरून गेलं तरी ते आत शिरलं का, मला आजही सांगता येणार नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते जानेवारीत. बाहेर बर्फ पडत होतं, म्हणून त्याने गॅरेजचं दार ओढून घेतलं होतं. हॉब म्हणतो, गाड्या बांधणारा प्रत्येक जण हे कधी ना कधी करतोच. जरासा आवाज ऐकू, मग दार उघडू, असं म्हणत राहतो. मी वर स्वयंपाकघरात मक्याचा पाव भट्टीत ठेवत होते. खालून तो आवाज आला आणि मला इतका आनंद झाला, नॅडीन, की मी टेबलावर ताटं मांडायला घेतली. आवाज थांबेना तेव्हाही मला वाटलं, पोरगं खूश आहे. धुराचा विचार मनात यायला मला उशीर झाला; खाली पोचले तोवर तो गुदमरून गेला होता. गावात लोक कुजबुजले की त्याने मुद्दाम केलं. तसं नाही. मागच्या दिव्याखाली नंबरपट्टीची जागा त्याने त्याच सकाळी भोकं पाडून तयार ठेवली होती.

मग मी ठरवलं, कागद करायचेच. त्याचं एवढं एकच काम राहिलं होतं. नंबर नसलेली गाडी चालवत नेली तर तपासायलाही घेत नाहीत, म्हणून हॉबने ट्रेलर आणला आणि बर्फ वितळल्यावर आम्ही ती तपासणीला नेली. तिथे प्रूइट नावाचा सार्जंट होता, शिस्तीचा माणूस. डब्यातल्या पावत्या एकेक करून लावून घेतल्या, आरसा आणि बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झाला, इंजिनावरचा आकडा बोटाने चाचपला. सगळं पास. घरी बांधलेल्या सांगाड्याला नंबर नसतो, तो सरकार देतं. ती पट्टी त्याने ठोकून बसवली आणि एकदम हात मागे घेतला. 'बाई, इंजिन गरम आहे. कुणी चालवली होती आज?' मी म्हटलं, जानेवारीपासून ती कुणी सुरूसुद्धा केलेली नाही. मी हात लावून पाहिला. खरंच गरम होतं.

ब्रेक बघायला त्याने आवारातच एक फेरी मारायची होती. तो सरळ फाटकातून बाहेर गेला. आम्ही बाकावर बसून राहिलो, कॉफी गार झाली, आणि तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मला म्हणाला, 'नदीच्या रस्त्यावर एक निळं घर आहे. तिथे कोण राहतं?' तो तिथे का गेला ते त्यालाच ठाऊक नव्हतं. फाटकापाशी थांबला, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, कर्ट घुमवायचा तसं इंजिन दोनदा घुमवलं आणि वाट बघत बसला. कशाची, तेही कळलं नाही. कागदावर सही करताना त्याने मान वर केली नाही. 'घ्या, आणि ही गाडी माझ्यासमोरून न्या.' तुझ्या दारात आलेला पहिला माणूस तो.

दुसरा हॉब. त्याला तू ओळखलंच असशील, आणि तुला वाटलं असेल की मीच त्याला पढवून धाडलं. तो तुझ्या उलट दिशेला, मासे धरायला निघाला होता. तुझ्याकडून आला तो माझ्या पायरीवर बसून रडला. 'काकू, मी डावखुरा आहे, आणि हेल्मेट उजव्या हाताने काढलं.' चूक आपलीच म्हणाला. ह्या गाड्या बांधणाऱ्यांची रीत आहे, मेलेल्याची गाडी दुसऱ्याने चालवायच्या आधी हँडल बदलायचं, सीट बदलायची, म्हणजे गाडीला कळतं की मालक बदलला. ह्याने मायेपोटी काहीच बदललं नव्हतं. हँडल कर्टच्या हातांच्या मापाचं होतं, तसंच ठेवलं. मग त्याने दोन्ही बदललं आणि मी गाडी विकायला काढली.

तिसरा तो गिऱ्हाईक. दूरच्या राज्यातला, आमचा भाग आयुष्यात न पाहिलेला, हसतमुख माणूस. गाडी चालवून बघतो म्हणाला, आणि संध्याकाळी पायी परत आला. गाडी तुझ्या फाटकाशी सोडून आला होता; ती मग हॉबने ट्रेलरवरून परत आणली. पाणी मागितलं, ते प्यायलाच नाही. मला विचारलं, 'नॅडीन कोण?' त्याने तिथे जे म्हटलं ते तू पडद्यामागून ऐकलंसच. 'नॅडीन, कागद झाले.' त्याला तुझं नाव कुणी सांगितलं नव्हतं. मी नाही, हॉबने नाही.

हॉब म्हणतो, कापून टाकू. चाकं एका गावाला, इंजिन दुसऱ्या. मी नको म्हटलं, आणि तो समजला, आई आहे, जीव होत नसेल. तसं नाही. नवं हँडल, नवी सीट, तरी तो आलाच ना तुझ्याकडे? त्याला गाडीचं काय पडलंय? गाडी कापली तर तो पायी येईल. पायी आला तर कुठून येईल, कुणाच्या अंगात येईल, मला कळणारही नाही. आणि हॉबकडून असंही कळलं की तुला दिवस गेले आहेत.

म्हणून हे पत्र. तो तुझ्या उत्तरासाठी थांबला आहे, आणि उत्तर त्याला कुणी दिलेलं नाही. रविवारी चर्च सुटलं की मी स्वतः त्या गाडीवर बसणार आहे. मला येते चालवता, त्याच्या बापाने शिकवली होती. तेव्हा चौथी येईन ती मी. हॉब ट्रेलर घेऊन कोपऱ्यावर थांबेल. मार्टिनला आत ठेव. तू पायरीपर्यंत ये, फाटक उघडू नकोस. माझ्या तोंडून तो काय बोलेल मला माहीत नाही, पण चेहरा माझा असेल, म्हणून विरघळू नकोस. गोड बोलायला जाऊ नकोस, गोड बोललं की त्याला आशा वाटते. त्याचं नाव घे आणि स्पष्ट सांग की तू येणार नाहीस, कधीच नाही. मी रोज गॅरेजमध्ये उभी राहून सांगते, पण माझं तो जिवंतपणी ऐकत नव्हता, आता काय ऐकणार? तुझं ऐकेल. तू नाही म्हणालीस की तो जाईल, आणि त्या दिवशी माझा मुलगा खराखुरा मेलेला असेल. त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. तू फक्त नाही म्हण.

तुझ्यावर कसलाच राग नसलेली, तुझीच,
वर्ना