शांताक्काची ज्वारी

रविवार, दिवे लागल्यावर

पीक वाचवलं मी, आन् तुडवलं म्हणून शिव्याबी मलाच! नकाशा बघत, झेंडे हुडकत दिवसभर चालायचं-पळायचं, पर उभ्या पिकात शिरायचं न्हाई, हे शर्यतवाल्या सरांनीच सांगितलं ना? मग शहरातली पोरं शांताक्काच्या ज्वारीतून आडवी गेली, त्यांना कप कशापायी दिला?

नणंद सुमन म्हणली, "वहिनी, आपणबी घुसू, कोण बघतंय?"

"मी बघतेय न्हवं. चल बांधानं."

वळसा पडला, टाइम संपला, हारलो. हारल्याचं काही वाटत न्हाई. पोचल्या पोचल्या सरांना त्या पोरांचं सांगितलं, तर म्हणे, "बघू." हुरड्याला आलेली ज्वारी, पार झोपवली!

तेवढ्यात शांताक्का आली. तिला मी बांधावर दिसले होते. समद्यांसमोर म्हणली, "बाहेरच्यांचं सोड, तू गावची असून माझं रान तुडवलं व्हय गं?" सर शेजारीच उभे. दातखीळ बसली होती का?

उद्या सकाळीच फोन लावते. सर, शुक्रवारच्या आत शांताक्काच्या दारात येऊन कुणी तुडवलं ते सांगता का न्हाई? हो का न्हाई, तेवढं बोला.