सगळे बदला

२ फेब्रु., बारामती
पुण्याच्या प्रकाशकाचा फोन. दीड वर्षानं. आधी वाटलं, विमावाला. कादंबरी आवडली म्हणे. "फक्त भाषा जरा स्वच्छ करून द्या. हाय, न्हाय, हितं... शहरातला वाचक अडखळतो."
"बघतो," म्हणालो. 'हाय'ला कुठं चिखल लागलाय, हे विचारायचं फोन ठेवल्यावर सुचलं. माझी सगळी चांगली उत्तरं फोन ठेवल्यावरच येतात. म्हणून तर कादंबऱ्या लिहितो.

३ फेब्रु.
शैला मेथी निवडत होती. सांगितलं. बायको असून मराठीची शिक्षिका, त्यामुळं दोन्हीकडून मार.
"करा की स्वच्छ. पाच पडल्यात दिवाणाखाली. झाडू फिरत नाही तिथं."
पाचही स्वतःच छापलेल्या, लग्नपत्रिकावाल्याकडून. तिसरीच्या मुखपृष्ठावर त्यानं सवयीनं गणपती टाकला. नेमकी तीच जरा खपली. स्वतंत्र लेखक म्हणजे ज्याला कुणी नाही म्हणत नाही, कारण कुणी विचारतच नाही. आता विचारलंय.

५ फेब्रु.
प्रकाशकाला समजावून पाहिलं. ही कादंबरी म्हणजे निरवांगीचे तात्या, माझे मामा. पाटबंधाऱ्याच्या साहेबांना सांगणार, "पाणी आलेलं आहे, साहेब." आणि मान वळवून मामीला, "काय आलं हाय, बोडकं!" घरच्याला 'हाय', परक्याला 'आहे'. सगळी कादंबरी एवढ्या एका गोष्टीवर उभी. तात्या कुणाला घरचं धरतात आणि कुणाला बाहेर काढतात, ते फक्त या दोन शब्दांतून कळतं.
प्रकाशक म्हणाले, "इंटरेस्टिंग."
म्हणजे नाही. महिनाअखेर फाईल हवी.

८ फेब्रु.
केलं.
शैला शाळेत. दार लावून बसलो, चोरून प्यायला बसल्यासारखा. शोधा : हाय. त्याजागी : आहे. बटण : सगळे बदला. दाबलं. किती ठिकाणी बदललं तो आकडा आला, वाचला नाही. जतन केलं. चहा टाकला तर दूध नासलं. दुधाचं जास्त वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो.

९ फेब्रु.
सकाळी फाईल उघडली.
हायवेचा 'आहेवे' झालाय. हायस्कूलचं 'आहेस्कूल'. लोक 'पाआहेला' येतात, पोरं 'राआहेला' जातात. आणि 'न्हाय' शोधायला गेलो तर एकही सापडेना. कसा सापडेल? प्रत्येकाच्या पोटात 'हाय' होतंच, तेही गेलं. अख्ख्या पुस्तकात नकार उरला नाही. प्रकाशकाला हवा तसा लेखक.
कारखान्यावरचा मोर्चा : 'चेअरमन आहे आहे!' हे तेवढं खरं निघालं.
हसलो. मग जुनी फाईल शोधली आणि हसू थांबलं. तिच्याच डोक्यावर जतन केलंय. 'आहे'चं परत 'हाय' करावं, तर साहेबांशी बोलतानाचे 'आहे'सुद्धा घरचे होतील. कुठला कुठं होता, हे यंत्राला माहीत नाही.

१० फेब्रु.
छापील प्रती दोनच; प्रकाशकाकडची मागायची कुठल्या तोंडानं? दुसरी दिवाळीत तात्यांना दिली होती. तेव्हा दोन पानं वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "दिग्या, आसं न्हाय बोलत मी. तिला 'आगं' म्हंतो, नुसतं 'अगं' न्हाय." एवढं बारीक संपादन मला पुण्यात कुणी केलं नाही. त्यानंतर मात्र तात्या मधूनमधून हरवतात, असं ऐकतो. गेलो नाही. काय करत होतो? भाषा स्वच्छ.

१४ फेब्रु., निरवांगी
भवानीनगरपर्यंत एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत आली. दुपारी पोचलो. सुमनवहिनी, मामेभावाची बायको, ओसरीवर. प्रतीचं विचारलं.
"ती कागदं व्हय, भावजी? डाळिंबाला ऊन लागाय लागलं, पेपर कमी पडला. कागद लई जाड व्हता. म्या म्हनलं, तुमचं वाचून झालं आसंल."
बागेत गेलो. फळाफळाला एकेक पान, वर स्टेपलरची टाचणी. वाकून वाकून वाचत हिंडलो. शाई दवानं उतरलेली. एका फळावर 'तात्या म्हणाले' एवढंच शिल्लक. काय म्हणाले ते दवाला माहीत.
"काढून दिऊ का?" वहिनी ओशाळल्या होत्या.
"राहू द्या. पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलीय."
तात्या बाजेवर. म्हटलं, यांच्याच तोंडून सगळी परत लिहून घेऊ, पाना-पानानं. "तात्या, पाणी आल्यालं मामीला कसं सांगायचा तुमी?"
बघत राहिले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. सरळ बसले.
"बसा साहेब. इकडं सगळं व्यवस्थित आहे."
मग मान वळवली, आवाज खाली घेतला. "सुमन, साखर हाय का गं घरात? सायेब आलाय कुणीतरी."
"आवो तात्या, दिगूभावजी हायती न्हवं!"
"आसू दे, आसू दे. च्या टाक."
चहा प्यालो. साखर होती.

२७ फेब्रु., बारामती
रोज पंधरा-वीस पानं, कानानं. आहेवे, आहेस्कूल दुरुस्त. न्हाय सगळे परत आणले, नकाराला जागा झाली. एका ठिकाणी 'असहाय'चं 'असआहे' झालंय, ते तसंच ठेवलंय. असं आहे खरं.
शैलानं मागून वाचलं. "हे तर परत घाण केलंत." मग जाता जाता, "मोर्चाचं आहे आहे राहू द्या हं."

२८ फेब्रु.
शेवटचं पान. भाचा शहरातून परत येतो, तात्या बाजेवर सरकून जागा करतात. "बस. जागा आहे."
लिहिताना इथं 'हाय' होतं. ते पक्कं आठवतंय. निरवांगीत ऐकलं ते वेगळं.
'आहे' खोडलं. 'हाय' लिहिलं. ते खोडलं.
प्रकाशकाचा फोन वाजतोय, दुसऱ्यांदा. संगणकाच्या पडद्यावर एवढंच : बस. जागा