लिफ्ट फक्त पेशंटसाठी

आदरणीय आईस,
पायाला हात लावून सम्यकचा जयभीम.

दादांचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे. ते बरे आहेत. फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून हे लिहून पाचोडच्या जीपमध्ये सांडूभाऊंकडे देतो आहे. शेळी व्याली का?

दादांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आहे. माझ्या कुबड्या समोर दिसतात, तरी लिफ्टवाले मामा रोज विचारतात, "पेशंट हाय का तू?"

"नाय मामा, पेशंटचा मुलगा."

"मग जिन्यानं जा."

मी वर पोचेपर्यंत भेटायची वेळ संपते. डबा आत जातो, मी दारातूनच परततो.

आज जिना ओला होता, मी पडलो. कोपर खरचटलं, एवढंच. तर तेच मामा व्हीलचेअर घेऊन धावत आले आणि लिफ्ट उघडली. मी म्हणालो, "आधी दादांकडे न्या."

दादांना वाटलं, मामांनी आपणहून मला वर आणलं. सलाईन सांभाळत त्यांनी हात जोडले. "लई उपकार झाले, साहेब."

मामा म्हणाले, "माणुसकी हाय की आपल्यात."

मी खरचटलेलं कोपर बाहीखाली लपवलं. ऑपरेशन होईपर्यंत दादांना तसंच वाटू दे. तूही सांगू नकोस.

तुझा,
सम्यक